खडूस, तिरसट, तुसडा, तापट: इंग्रजीत यांना नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्रजीत एक गोष्ट लिहायला घेतलीय, त्यातले आजोबा रिटायर्ड हेडमास्तर आहेत, अख्खा वाडा त्यांना टरकून असतो, आणि मराठीत विचार करताना खडूस, तिरसट, तापट, तुसडे असे शब्द भराभर सुचतात पण इंग्रजीत लिहायला बसलं की 'अँग्री' आणि 'रूड' या दोनच शब्दांवर गाडी अडते, आणि थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडून एखादा भारी शब्द टाकला तर वाक्यच खोटं वाटायला लागतं. मी मराठी-इंग्रजी भाषांतरं करते आणि लिहायला शिकवतेही, हा प्रश्न गोष्टी लिहिणारे पण विचारतात आणि ऑफिसात मेल लिहिणारे पण, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

सगळ्यात आधी एक समजूत काढून टाका. हे शब्द म्हणजे रागाच्या पायऱ्या नाहीत, की खाली अँग्री, वर व्हेरी अँग्री आणि त्याच्या वर इरॅसिबल. प्रत्येक शब्द त्या माणसाचं वागणं सांगतो. चिडल्यावर तो काय करतो? फाडकन बोलून मोकळा होतो, का तोंड शिवून बसतो, का गोड बोलून टोचतो, का भांडण उकरून काढतो? आणि त्याहून महत्त्वाचं, बोलणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल थोडी माया आहे की नाही, कारण इंग्रजीतले निम्मे शब्द या मायेवरच वेगळे पडतात. राग किती आहे हे मोजत बसलात तर शब्द चुकतो. माणूस काय करतो ते बघा, शब्द सापडतो.

आता पाया. 'इरिटेटेड', 'इरिटेबल' आणि 'इरिटेटिंग' या तिघांत आपल्याकडे जेवढा घोळ होतो तेवढा कुठेच होत नाही. इरिटेटेड म्हणजे आत्ता चिडलेला, इरिटेबल म्हणजे लगेच चिडणारा, चिडका, आणि इरिटेटिंग म्हणजे दुसऱ्याला चीड आणणारा. 'माय बॉस इज व्हेरी इरिटेटेड' म्हटलं तर ऐकणारा विचारणार की का, आज काय झालं? तुम्हाला सांगायचं असतं की तो बाराही महिने तसाच आहे. तीच गोष्ट 'आयरेट' आणि 'इरॅसिबल'ची, दोन्ही शब्द लॅटिनमधल्या रागाच्या शब्दावरून आलेत पण आयरेट म्हणजे या क्षणी भडकलेला, जसं बिल चुकीचं आलं म्हणून काउंटरवर आलेला ग्राहक, आणि इरॅसिबल म्हणजे स्वभावानेच भडकू. मूड का स्वभाव, हे आधी ठरवा.

व्याकरणाचं पण एक सांगून टाकते. 'ही इज शॉर्ट टेंपर' चालत नाही, 'ही इज शॉर्ट-टेंपर्ड' किंवा 'ही हॅज अ शॉर्ट टेंपर'. 'अँग्री ऑन मी' नाही, 'अँग्री विथ मी' किंवा 'ॲट मी'. आणि आपण बोलताना म्हणतो ना की साहेबांनी आज मला जाम फायर केलं, ते तसंच्या तसं बाहेरच्या क्लायंटला सांगू नका, 'माय बॉस फायर्ड मी' म्हणजे नोकरी गेली असाच अर्थ होतो, समोरचा हळहळायला लागतो. 'फ्रस्ट्रेटेड' पण तसंच. आपल्याकडे 'फ्रस्ट्रेटेड माणूस आहे तो' ही जवळजवळ शिवीच आहे, इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच की काम अडलंय म्हणून वैतागलाय, त्यात माणसाच्या स्वभावावर काही ठपका नाही.

खडूस हा शब्द मला फार आवडतो कारण त्यात सगळं भरलेलं आहे, चेहऱ्यावरची सुरकुती, सवलत न देणं, हसू न फुटणं, आणि तरीही कुठेतरी थोडा आपलेपणा. इंग्रजीत याला एक शब्द नाही, तीन-चार जागा आहेत. साध्या बोलण्यात 'ग्रम्पी', हा अगदी निरुपद्रवी शब्द आहे, लहान मुलालाही चालतो आणि नव्वदीच्या आजीलाही. 'क्रॅबी' आणि 'ग्राउची' त्याच घरातले. वय झालेल्या, सवयीला चिकटलेल्या, खुर्ची दोन इंच सरकली तरी तक्रार करणाऱ्या माणसाला 'क्रॉचिटी' इतका चपखल शब्द नाही. 'कँटँकरस' त्याच्या पुढचा, हा नुसता कुरकुर करत नाही, वाद घालतो, तुम्ही पूर्व म्हणालात की हा पश्चिम म्हणणार. आणि नामच हवं असेल तर 'कर्मजन', उच्चारात ज वर फार जोर नको, मधल्या 'म' वर द्या. कर्मजन म्हणजे जगावर कायमचा वैतागलेला, पण बहुतेक वेळा हुशार आणि खरं बोलणारा म्हातारा, त्यामुळे हल्ली हा शब्द ऐकला की लोक कौतुकानेच हसतात. तुमच्या आजोबांना वाडा घाबरतो पण वाड्याचा त्यांच्यावर जीवही आहे असं दाखवायचं असेल तर क्रॉचिटी किंवा कर्मजन घ्या, अँग्री नको.

या कर्मजनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा शब्द कुठून आला ते आजवर कुणालाच ठरवता आलेलं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या त्याच्या डिक्शनरीत लिहिलं की हा 'कर मेशाँ' या फ्रेंच शब्दांचा, म्हणजे दुष्ट हृदय याचा, अपभ्रंश आहे, आणि ही माहिती कुणा अनोळखी पत्रलेखकाने कळवली म्हणून पुढे प्रामाणिकपणे 'ॲन अननोन करस्पाँडंट' असं नोंदवलं. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, जॉन ॲश नावाच्या दुसऱ्या कोशकाराने ते तसंच उचललं पण वाचताना गल्लत केली आणि लिहून टाकलं की फ्रेंचमध्ये कर म्हणजे 'अननोन' आणि मेशाँ म्हणजे 'करस्पाँडंट'! हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण छापलेल्या कोशातली ओळसुद्धा तपासून घ्यावी लागते हे त्यातून एका फटक्यात कळतं.

खडूसचा अजून एक अर्थ आहे आणि तो आपल्या क्रिकेटवाल्यांनी घडवलाय. मुंबईचं क्रिकेट खडूस आहे असं म्हणतात तेव्हा ती शाबासकी असते, विकेट फेकणार नाही, समोरच्याला एक रन फुकट देणार नाही, मॅच हातातून गेली तरी सोडणार नाही. तिथे ग्रम्पी लिहिलंत तर सगळं वाया गेलं. तिथे 'हार्ड-नोज्ड' लिहा, किंवा 'डॉगेड', किंवा सरळ खडूसच ठेवा आणि पुढच्या वाक्यात वागणं दाखवा. क्रिकेटवर इंग्रजीत लिहिणारे बरेच जण खडूस हाच शब्द वापरतात आणि ते मला योग्यच वाटतं.

आता तिरसट आणि तुसडा. हे दोन्ही मुळात बोलण्याच्या पद्धतीबद्दलचे शब्द आहेत, हे लक्षात आलं की काम सोपं होतं. विचारलं तेवढंच, तेही तोडून बोलणारा म्हणजे 'कर्ट'. घाईत, समोरच्याला काय वाटेल याची फिकीर न करता बोलणारा म्हणजे 'ब्रस्क', यात दुष्टपणा नाही, कामाचा डॉक्टर ब्रस्क असू शकतो. आवाज जाड, बोलणं खडबडीत, पण आतून माणूस बरा असण्याची शक्यता आहे म्हणजे 'ग्रफ'. आणि मदत करायची इच्छाच नाही, विचारलं तर उपकार केल्यासारखं बघतो, तो 'सर्ली'. सर्ली वेटर, सर्ली क्लार्क, सर्ली टीनेजर या जोड्या इंग्रजीत इतक्या रुळल्यात की शब्दाचा अर्थ त्यातूनच कळतो. मजा म्हणजे हा शब्द 'सर' वरून आलाय, आधी त्याचं स्पेलिंगही तसंच असायचं, म्हणजे सरदारासारखा ताठा करणारा. पुढे ताठ्याचा भाग मागे पडला आणि तुसडेपणा उरला.

पुणेरी पाट्यांबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आलीय आणि तिथे रूड लिहिणं म्हणजे पाटीवर अन्याय आहे. पाटी कर्ट असते, तिचा सूर 'टार्ट' किंवा 'असर्बिक' असतो, म्हणजे आंबट, झोंबणारा पण बुद्धीचा. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये एवढंच लिहिलं तर ते नुसतं कर्ट, पण त्याखाली 'वर लिहिलेलं वाचता येत नसल्यास शेजारी विचारावे' असं आलं की ते असर्बिक झालं. रूडमध्ये बुद्धी लागत नाही, असर्बिकमध्ये लागते.

तापट माणसासाठी 'हॉट-टेंपर्ड' किंवा 'क्विक-टेंपर्ड' हे रोजचे शब्द, 'ही हॅज अ शॉर्ट फ्यूज' हेही सगळीकडे चालतं. क्षणात हसतो क्षणात भडकतो, कधी काय होईल सांगता येत नाही, तर 'व्हॉलटाइल'. इरॅसिबल हा लेखी शब्द आहे, चरित्रात, मृत्युलेखात, पुस्तकाच्या परीक्षणात शोभतो, आणि बऱ्याचदा तो मोठ्या माणसाच्या रागाला दिलेला मान असतो, आपण जमदग्नी म्हणतो ना, साधारण त्या सुरात. घरातल्या संवादात नातू म्हणाला की 'माय ग्रँडफादर इज इरॅसिबल', तर तो नातू नाही, डिक्शनरी बोलतेय. तुमचं वाक्य खोटं वाटत होतं ते बहुतेक याच कारणाने, शब्द चुकीचा नव्हता, तोंड चुकीचं होतं.

या तापट घराण्यात काही जुने शब्द आहेत ते कळायला फार सोपे जातात आपल्याला, कारण आपलंही पित्त खवळतं. ग्रीक-रोमन वैद्यकात, हिपॉक्रटीसच्या परंपरेपासून पुढे गेलनपर्यंत, अशी समजूत होती की शरीरात चार द्रव असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि ज्याचा जोर जास्त तसा स्वभाव. पिवळं पित्त जास्त तो 'कॉलरिक', म्हणजे भडकू. काळं पित्त जास्त तो 'मेलँकलिक', म्हणजे खिन्न. 'बिलियस' म्हणजे शब्दशः पित्तकर आणि म्हणून चिडखोर, 'स्प्लिनेटिक' प्लीहेवरून, कारण काळं पित्त प्लीहेशी जोडलेलं. आणि 'टेंपर' हा शब्द मुळात रागाचा नाहीच! लॅटिनमध्ये नीट प्रमाणात मिसळणं या क्रियापदावरून तो आलाय, टेंपर म्हणजे या द्रवांचं मिश्रण, समतोल. म्हणून 'लूज युअर टेंपर' म्हणजे समतोल घालवणं, राग घालवणं नव्हे. 'टेस्टी' (testy) म्हणून एक शब्द आहे, चवीवाला नाही, त्याचं स्पेलिंग आणि उच्चार वेगळा, तोही जुन्या फ्रेंचमधल्या डोक्याच्या शब्दावरून आलाय, आधी अर्थ होता हेकट आणि आता लगेच वैतागणारा, आणि आपलंही डोकंच फिरतं ना. मात्र कॉलरिक, स्प्लिनेटिक वगैरे आज रोजच्या लिखाणात वापरू नका, ते ऐतिहासिक कादंबरीत ठेवा. टेस्टी चालतो, विशेषतः 'अ टेस्टी रिप्लाय' असा.

न बोलता राग दाखवणारे वेगळे. घुम्या, तोंड पाडून बसलेला तो 'सलन', हा शब्द एकटा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय आणि त्याच्यात ते एकटेपण अजून आहे. रुसून बसलेला 'सल्की'. कायम दुर्मुखलेला 'मरोस'. स्कॉटलंडकडून आलेला 'डुअर' म्हणजे कठोर, हसू माहीत नसलेला, याचा उच्चार काही जण डावर असाही करतात, दोन्ही चालतात. 'पेट्युलंट' मोठ्या माणसाला लावला तर तो चांगलाच लागतो, कारण त्याचा अर्थ हट्ट पुरवला नाही म्हणून लहान मुलासारखा पाय आपटणारा. सारखं रडगाणं गाणारा, किरकिऱ्या, तो 'क्वेरुलस'. या गटात एवढं पुरे.

खवचट, कुजकट, डूख धरणारा, इथे मात्र थांबायला हवं, कारण इथे नुसता वाईट मूड नसतो, समोरच्याला लागावं अशी इच्छा असते. वरचे ग्रम्पी-क्रॉचिटी वगैरे शब्द माणसाला माफ करतात. हे शब्द माफ करत नाहीत. 'स्नाइड' म्हणजे आडून मारलेला टोमणा, खवचटला सगळ्यात जवळचा, आणि तो माणसापेक्षा बोलण्याला जास्त लागतो, 'अ स्नाइड रिमार्क'. 'कॉस्टिक' म्हणजे जाळणारं, कॉस्टिक सोडा आठवा, तोच शब्द. 'व्हिट्रिऑलिक' म्हणजे त्याहून जहरी, जुन्या रसायनशास्त्रात सल्फ्युरिक ॲसिडला व्हिट्रिऑल म्हणत. 'स्पाइटफुल' म्हणजे छोट्या छोट्या गोष्टींत मुद्दाम त्रास देणारा, 'व्हिंडिक्टिव्ह' म्हणजे मनात ठेवून नंतर सूड उगवणारा, आणि 'मॅलिशस' म्हणजे ज्याला दुसऱ्याचं वाईट व्हावं असंच वाटतं. डूख धरणाऱ्या माणसाला कुणी मूडी म्हटलेलं मी वाचते तेव्हा मला खरंच राग येतो, कारण तिथे त्रास झालेल्या माणसाची बाजूच पुसली जाते. सासूने सुनेला वर्षानुवर्षं छळलं आणि भाषांतरात ती 'शॉर्ट-टेंपर्ड' झाली, तर ते भाषांतर खोटं बोललं. उलट एखादा शेजारी नुसता फटकळ असेल, तर त्याला मॅलिशस म्हणणंही तितकंच चूक, तो 'ब्लंट' किंवा फार तर 'टॅक्टलेस'. या दोन टोकांमध्ये 'नॅस्टी' आणि 'अब्नॉक्शस' हे दोन कामाचे शब्द आहेत, नॅस्टी म्हणजे वागायला वाईट, आणि अब्नॉक्शस म्हणजे ज्याच्या शेजारी बसवत नाही असा, मोठ्याने बोलणारा, बढाया मारणारा, दुसऱ्याला तुच्छ लेखणारा. सायको आणि सॅडिस्ट हे आपण मित्रांत सहज म्हणतो, लेखी इंग्रजीत ते आजाराचे आणि क्रौर्याचे शब्द आहेत, लांब ठेवा.

भांडकुदळसाठी 'क्वारलसम' आहेच. अंगावर येणारा, दम देणारा तो 'ट्रक्युलंट' किंवा 'बेलिजरंट', दुसऱ्यात तर लॅटिनमधलं युद्धच बसलंय.

बायकांसाठीच्या शब्दांबद्दल माझं मत ठाम आहे. इंग्रजीत रागावणाऱ्या बाईसाठी शब्दांची रांगच आहे, श्रू, स्कोल्ड, टर्मगंट, व्हिरागो, हार्पी, हॅरिडन, बॅटलॲक्स, आणि आपल्याकडेही कजाग, कैदाशीण, जहांबाज आहेतच. यातले काही शब्द तर आधी बाईचे नव्हतेच. श्रू हा चिचुंद्रीसारखा छोटा प्राणी, त्याचा चावा विषारी असतो असं लोक मानत, आणि पूर्वी दुष्ट पुरुषालाही श्रू म्हणत, पुढे तो फक्त बाईला चिकटला. त्याच शब्दापासून 'श्रूड' निघाला, म्हणजे धूर्त, चाणाक्ष, आणि ते आज कौतुक आहे, पुरुष बिझनेसमनला बिनधास्त लावतात. टर्मगंट हा मध्ययुगीन इंग्लंडच्या नाटकांतला, ख्रिस्ती लेखकांनी मुसलमानांचा देव म्हणून कल्पनेने रचलेला, स्टेजवर थयथयाट करणारा कुणीतरी होता. व्हिरागो म्हणजे मुळात पराक्रमी स्त्री. आणि स्कोल्ड तर नुसता शब्द नव्हता, गुन्हा होता! इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये 'कॉमन स्कोल्ड' म्हणून शेजाऱ्यांशी सतत भांडणाऱ्या बाईवर खटला चालायचा, शिक्षा म्हणजे खुर्चीला बांधून पाण्यात बुडवून काढणं, आणि हा गुन्हा इंग्लंडमध्ये कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे गेला तो १९६७ मध्ये. हे सगळं माहीत असल्यावर मी आजच्या बाईसाठी हे शब्द वापरत नाही. गोष्टीतलं पात्रच तसं बोलत असेल तर त्याच्या तोंडी घालते, निवेदकाच्या तोंडी नाही. हल्लीचा 'कॅरन' हाही याच रांगेतला नवा शब्द आहे, मॅनेजरला बोलवा म्हणून दुकानात तमाशा करणाऱ्या बाईसाठी, आणि तो एका साध्या नावाला चिकटल्यामुळे ते नाव असलेल्या कितीतरी जणींना भोगावा लागतो. कजागला इंग्रजीत क्वारलसम किंवा कँटँकरस लिहा, पुरुषाला लागतो तोच शब्द बाईला लागू दे.

असाच अन्याय शेतकऱ्यांवर झालाय. 'बूर' म्हणजे असभ्य माणूस, त्याचं मूळ शेतकरी या अर्थाच्या डच शब्दाशी जोडलेलं आहे, 'चर्लिश' हा जुन्या इंग्रजीतल्या साध्या, खालच्या दर्जाच्या मोकळ्या माणसावरून, आणि 'व्हिलन' सुद्धा जमीनदाराच्या मळ्यावर राबणाऱ्यावरून. आपला गावंढळ आठवला असेलच.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे विशेषणं शोधणं कमी करा आणि क्रियापदं शोधा. मराठीची या बाबतीत श्रीमंती बघा, खेकसला, डाफरला, गुरकावला, करवादली, फणकारली, तणतणत गेला, चरफडला, धुसफुसत राहिली, वसकन अंगावर आला. प्रत्येकात आवाज वेगळा, शरीर वेगळं. इंग्रजीतही ही श्रीमंती आहे, आपण तिकडे बघत नाही एवढंच. खेकसला म्हणजे 'स्नॅप्ड', छोटं तुटक वाक्य फेकलं. डाफरला म्हणजे 'बार्क्ड', हुकूम सोडल्यासारखं. गुरकावला म्हणजे 'ग्राउल्ड' किंवा 'स्नार्ल्ड', ग्राउलमध्ये घसा आहे आणि स्नार्लमध्ये दात. चरफडला म्हणजे 'फ्यूम्ड', राग आहे पण काही करता येत नाही. धुसफुसत राहिली म्हणजे 'सिमर्ड' किंवा 'सीद्ड', सीदमध्ये आग जास्त. तणतणत निघून गेला 'स्टॉर्म्ड ऑफ'. फणकारली हे अवघड आहे, त्यात मानेचा झटका आहे, तिथे मी 'विथ अ टॉस ऑफ हर हेड' असं वागणं लिहून टाकते, शब्दाला शब्द शोधत बसत नाही. डोळे वटारले 'ग्लेअर्ड', कपाळावर आठ्या घातल्या 'स्काउल्ड'. एक करून बघा, तुमच्या कुठल्याही पानावरून अँग्री आणि अँग्रिली पुसा आणि त्या जागी नुसतं स्नॅप्ड, बार्क्ड, स्काउल्ड येऊ द्या. पान लगेच जिवंत होतं आणि माणूस खडूस आहे हे सांगावंच लागत नाही. मात्र प्रत्येक संवादापुढे एक असं चमचमीत क्रियापद लावायची सवय पण वाईट, दहातल्या सात वेळा 'सेड'च पुरतो.

अमेरिका आणि ब्रिटन यातला फरक पटकन सांगते, कारण नातेवाईक दोन्हीकडे असतात आपले. 'मीन' अमेरिकेत म्हणजे वाईट वागणारा, ब्रिटनमध्ये त्याचा पहिला अर्थ चिक्कू. 'क्रँकी' अमेरिकेत चिडचिडा, विशेषतः झोप न झालेलं बाळ, ब्रिटनमध्ये तो विक्षिप्त या अर्थानेही येतो. 'मॅड' अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये वेडा. 'क्रॉस', 'रॅटी', 'स्ट्रॉपी', 'शर्टी' हे ब्रिटिश, त्यात क्रॉस सगळ्यात सौम्य, आई मुलाला म्हणते तसा. 'ऑर्नरी' पक्का अमेरिकन, तो 'ऑर्डिनरी'चंच बोलीतलं रूप आहे आणि अर्थ झाला हेकट, त्रासदायक. आणि भुकेने चिडचिड झाली तर 'हँग्री', हंग्री आणि अँग्री मिळून झालेला, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो २०१८ मध्ये आला, गप्पांत मस्त चालतो.

ऑफिसात यातलं जवळजवळ काहीच लिहू नका. परफॉर्मन्स रिव्ह्यूत किंवा एचआरला पाठवायच्या मेलमध्ये 'ही इज सर्ली', 'शी इज पेट्युलंट' लिहिलंत की मुद्दा त्या माणसाच्या वागण्यावरून तुमच्या मतावर सरकतो आणि तिथून सुटणं अवघड होतं. वागणं लिहा: मीटिंगमध्ये तीनदा मध्येच तोडलं, मेलला उत्तर दिलं नाही, ज्युनिअरवर सगळ्यांसमोर आवाज चढवला. विशेषण लागलंच तर 'अब्रप्ट' किंवा 'ब्रस्क', आणि 'कॅन बी शॉर्ट विथ कलीग्ज' हे वाक्य सुरक्षित आहे. 'अब्रेसिव्ह' जरा जपून, हा शब्द कामात ठामपणे बोलणाऱ्या बायकांना फार सहज चिकटवला जातो, लिहिण्याआधी स्वतःला विचारा की पुरुष असता तर मी हेच लिहिलं असतं का. ब्रिटिश लोक तर याहून आडून बोलतात, एखाद्याच्या मृत्युलेखात 'ही डिड नॉट सफर फूल्स ग्लॅडली' असं आलं तर समजायचं की माणूस जबरदस्त तापट होता, हे शब्द बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून आलेत आणि तिथे सफर म्हणजे सहन करणं.

राहिला थिसॉरस. मसाल्याच्या डब्यात हळद आणि मोहरी शेजारी असतात म्हणून एकीच्या जागी दुसरी घालत नाही ना, थिसॉरस तसा वापरायचा, शब्द आठवायला, निवडायला नाही. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून बरेच जण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतात, तो अप्रतिमच आहे, मराठी शब्दाची छटा कळायला त्याच्याइतका जवळचा सोबती नाही, पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, तेव्हा त्यातलं इंग्रजी पण तेवढंच जुनं. तिथून अर्थ घ्या, शब्द उचलू नका. शब्द निवडताना शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश बघा, ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिजचा, किंवा कॉलिन्स कोबिल्ड, त्यात शब्दापुढे फॉर्मल, इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, डिसअप्रूव्हिंग अशा खुणा असतात आणि त्याच आपल्याला हव्या असतात. कोबिल्ड मला जास्त आवडतो, १९८७ मध्ये तो पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यांनी खऱ्या वापरातली प्रचंड वाक्यं कॉम्प्युटरवर जमवून त्यावरून अर्थ लिहिले, आणि अर्थही पूर्ण वाक्यात, म्हणजे 'इफ यू डिस्क्राइब समवन ॲज अमुक, यू मीन' अशा धाटणीने. नवीन शब्द घेतलात की तिथली उदाहरणं वाचा आणि बघा त्याच्या शेजारी कोण बसतं, सर्लीच्या शेजारी वेटर दिसतो, पेट्युलंटच्या शेजारी मूल, स्नाइडच्या शेजारी रिमार्क. तुमच्या वाक्यात त्याच्या शेजारी भलताच कुणी आला असेल तर शब्द बदला.